५० माणसांचा टॅको काउंटर: सामानाआधी रांगेचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला सोसायटीच्या हॉलमध्ये, जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी मुलीचा दहावा वाढदिवस आहे. साधारण ५० माणसं येणार. त्यात १५ मुलं, गावाहून येणारे आजी-आजोबा आणि बिल्डिंगमधली काही जैन कुटुंबं. निम्मे पाहुणे मांसाहारी. केटरर नको, सगळं घरी करायचंय आणि मदतीला नवरा आणि जाऊबाई. टॅकोचं सामान मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने आपला टॅको भरून घ्यायचा. कुठली गोष्ट किती आणायची, काय काय आधी करून ठेवता येईल आणि अव्होकाडोचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी दादरला घरगुती ऑर्डरी घेते. मुलांचे वाढदिवस, डोहाळजेवणं, ऑफिसच्या छोट्या पार्ट्या अशी कामं असतात आणि टॅको काउंटरची मागणी आता नेहमीची झाली आहे. प्रमाणं देतेच, पण त्याआधी एक सांगते. अशा जेवणात सामान सहसा कमी पडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी: रांग तुंबते आणि टॉर्टिया, म्हणजे टॅकोची पोळी, थंड होते. राजमा, साल्सा (टोमॅटोची चटणी), चीज, कोबी यांतलं बरंचसं आदल्या दिवशी होतं आणि टेबलावर तासभर बरं राहतं. टॉर्टियाचं तसं नाही. ती तव्यावरून उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चिवट होते आणि पहिल्याच घासाला मधोमध फाटते. तेव्हा प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी तुमच्याकडे जे हात असतील ते सगळे टॉर्टियाच्या टोकाला लावा. बाकीचं काम शुक्रवारीच उरकायचं.

टॉर्टियापासूनच सुरू करते, कारण मुंबईत तीच सगळ्यात अवघड. मेक्सिकोतली खरी टॉर्टिया मक्याची. तिथे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. आपल्याकडचं दुकानातलं मक्याचं पीठ म्हणजे सुका मका दळलेला, त्यावर ही प्रक्रिया झालेली नसते. म्हणून त्याची पातळ टॉर्टिया लाटायला गेलं की ती कडेने फुटते आणि दुमडली की तुटते. घरच्या मक्याच्या पिठाच्या १५० टॉर्टिया करायच्या हा विचार मनात असेल तर तो सोडून द्या.

मग तीन वाटा उरतात. मोठ्या सुपरमार्केटमध्ये मक्याच्या तयार टॉर्टिया मिळतात. चव सगळ्यात जवळची, पण १५० घ्यायच्या म्हणजे खर्च वाढतो आणि गरम करताना जरा लक्ष चुकलं की त्या मोडतात. दुसरी वाट कडक शेलची, म्हणजे दुमडून तळलेल्या कुरकुरीत टॉर्टियांची. हे शेल अमेरिकेत रुळले. न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट चालवणाऱ्या हुवेन्सियो माल्दोनादो यांना टॉर्टिया दुमडून तळायच्या साच्याचं पेटंट १९५० साली मिळालं. मुलांना शेल फार आवडतात. पण जुलैतल्या मुंबईच्या हवेत पाकीट उघडल्यावर ते बघता बघता सादळतात आणि कवळी असलेल्या आजोबांना ते खाता येत नाहीत. तिसरी वाट गव्हाच्या मऊ टॉर्टियाची. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या टॉर्टिया रोजच्याच आहेत, त्यामुळे ही काही तडजोड वगैरे नाही.

तुमच्या जागी मी ११० गव्हाच्या आणि ४० कडक शेल असं धरलं असतं. गव्हाच्या घरी लाटत बसू नका. जवळच्या पोळीभाजी केंद्रात दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा. काय सांगायचं ते नेमकं सांगते: अर्धी कणीक, अर्धा मैदा, पीठ भिजवताना तेलाचं मोहन, लाटलेली गोलाई साडेपाच इंच, म्हणजे पुरीपेक्षा मोठी आणि फुलक्यापेक्षा लहान. तव्यावर दोन्ही बाजूंनी फक्त रंग बदलेपर्यंत भाजायची, फुगवायची नाही आणि वरून तेल-तूप लावायचं नाही. अशी अर्धवट भाजलेली टॉर्टिया संध्याकाळी पुन्हा तव्यावर टाकली की मऊ राहते. पूर्ण भाजलेली दुसऱ्यांदा गरम केली तर कडकच होते. मावशींना एक नमुना करून दाखवायला सांगा आणि तो दुमडून बघा. घडीवर भेग दिसली तर पीठ घट्ट झालंय.

संध्याकाळी एका तव्यावर एक माणूस सतत उभा हवा. प्रत्येक बाजूला २० ते ३० सेकंद, की लगेच सुती फडकं घातलेल्या पोळ्यांच्या डब्यात. एका डब्यात २५ पेक्षा जास्त ठेवू नका, खालच्या घामेजतात आणि एकमेकींना चिकटतात. असे दोन-तीन डबे फिरते ठेवले तर काउंटरवर कायम गरम डबा असतो. शेलचं पाकीट मात्र आधी उघडायचं नाही. लोक जमायला लागले की घरच्या ओव्हनमध्ये १६०-१७० अंशांवर पाच मिनिटं गरम करा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि दहा-दहा करून बाहेर काढा.

आता प्रमाण. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: केक आधी कापणार की नंतर, सोबत आणखी काय आहे, पाहुण्यांत कॉलेजची मुलं किती. तुमच्या वर्णनावरून मी मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन टॅको धरते. ३५ त्रिक १०५ आणि १५ दुणे ३०, म्हणजे १३५. तुटफूट आणि हौशी खाणारे धरून १५०. एका टॅकोत ४५ ग्रॅम सारण छान बसतं. त्याहून जास्त घातलं तर दुमडता येत नाही आणि सगळं ताटात पडतं. म्हणजे शिजलेलं सारण सगळं मिळून पावणेसात किलो. यातलं राजम्याचं २.७ किलो, पनीरचं २ किलो, चिकनचं २ किलो.

निम्मे लोक मांसाहारी असताना चिकन एवढं कमी का, असं वाटेल. कारण मांसाहारी माणूस तीनातला एखादा टॅको राजम्याचा किंवा पनीरचा घेतोच, पण शाकाहारी माणूस चिकनकडे वळणार नाही. व्हेज संपलं तर निम्म्या पाहुण्यांना खायला काही उरत नाही. चिकन संपलं तर नुसती हळहळ. म्हणून व्हेज नेहमी सढळ धरायचं.

राजमा कोरडा १ किलो घ्या. शिजून तो सव्वादोन ते अडीच किलो होतो आणि टोमॅटोच्या मसाल्यासह पावणेतीन किलोपर्यंत जातो. हा अख्खा राजमा मी कांदा-लसूण-आल्याशिवाय करायला सांगेन. तेलात जिरं, हिंग, भिजवून वाटलेली काश्मिरी मिरची, भरपूर टोमॅटो, ओरेगॅनो, मीठ, शेवटी लिंबू. निम्मे दाणे पळीने ठेचून घ्या म्हणजे टॅकोतून घरंगळत नाहीत. जैनांसाठी वेगळं छोटं पातेलं केलं की दोन पातेली, दोन डाव, दोन पाट्या, आणि गर्दीत डावांची अदलाबदल हमखास होते. त्यापेक्षा सगळ्यांसाठीच असा केला की प्रश्नच मिटतो. टोमॅटो नीट आटवला तर कांद्याची उणीव कुणालाही जाणवत नाही.

राजम्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर नुसता मऊ करणं पुरेसं नाही, तो खळखळून उकळायलाच हवा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात कुकरला शिजवा आणि दाणा बोटांत दाबल्यावर पूर्ण चिरडला जातो का ते बघा. १ किलो राजमा एकाच कुकरमध्ये कोंबू नका, दोन घाण्यांत करा.

चिकनसाठी ब्रेस्टपेक्षा मांडीचं बोनलेस घ्या. ते पावणेतीन ते तीन किलो लागेल, कारण शिजताना पाव हिस्सा किंवा थोडं जास्तच वजन कमी होतं. खिमा करू नका. चेफिंग डिशमध्ये (खालून बर्नरने गरम ठेवायच्या बुफेच्या भांड्यात) अर्धा तास राहिला की तो कोरडा, वाळूसारखा लागतो. मांडीचे मोठे तुकडे मिरचीच्या वाटणात, लसूण आणि थोड्या व्हिनेगरमध्ये मुरवून झाकण ठेवून शिजवा, काट्याने सोडवा आणि सुटलेला रस त्यातच राहू द्या. त्या रसामुळे ते दीड तास ओलसर राहतं. आवडत असेल तर शेवटी तव्यावर परतलेल्या अननसाचे बारीक तुकडे घाला. मेक्सिकोत अल पास्तोर नावाच्या टॅकोत अननस असतोच. लेबनॉनहून तिकडे स्थायिक झालेल्या लोकांच्या उभ्या सळईवरच्या शावर्म्यातून तो प्रकार निघाला, फक्त तिथे डुकराचं मांस वापरतात.

पनीर १.२ किलो, सिमला मिरची १ किलो, मक्याचे दाणे अर्धा किलो. पनीरच्या बारीक फोडी कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा आणि भाज्या मोठ्या आचेवर परतून झाल्यावर अगदी शेवटी मिसळा. हे सारण दोन वेळा ताजं करून आणा. एकदाच सगळं करून बर्नरवर ठेवलं तर पनीर रबरासारखं होतं आणि सिमला मिरचीला पाणी सुटतं.

मसाल्याबद्दल माझं मत ठाम आहे: गरम मसाला आणि हळद यांना हात लावायचा नाही. त्या दोघांचा वास आला की पोळीत गुंडाळलेली ती फ्रँकी होते, टॅको राहत नाही. फ्रँकी मलाही आवडते, पण आज ती करायची नाहीये. जिरं भाजून पूड करा, ओरेगॅनो चुरडून घाला आणि तिखटाऐवजी अख्खी मिरची वापरा. काश्मिरी किंवा ब्याडगीच्या बिया काढून, तव्यावर किंचित भाजून, गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून वाटली की रंगही येतो आणि मेक्सिकोच्या सुक्या मिरच्यांसारखी फळाची गोडसर चवही येते. मुलांनाही ते तिखट लागत नाही. ज्यांना झणझणीत हवं त्यांच्यासाठी हिरव्या मिरचीचा वेगळा साल्सा ठेवा.

साल्सा दोन करा. एक कच्चा: टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. पावसाळ्यातले टोमॅटो पाणचट असतात, म्हणून बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून चाळणीत २० मिनिटं निथळा आणि मग बाकीचं मिसळा. निथळला नाही तर त्याचं पाणी टॉर्टियात उतरतं आणि टॅको हातात विरघळतो. हा साल्सा जेवणाआधी तासाभरातच करायचा. दुसरा भाजलेला: वांगं भाजतो तसे टोमॅटो आणि मिरच्या थेट गॅसवर साल काळं होईपर्यंत भाजा, साल काढा, मिठासकट भरड वाटा आणि कढईत पाच मिनिटं उकळा. हा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये राहतो, उलट दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. हाही कांदा-लसणाशिवायच करा, म्हणजे जैन पाहुण्यांना एक तरी साल्सा मिळतो. दोन्ही मिळून ४ किलो टोमॅटो पुरतील.

वरून घालायच्या गोष्टी कमी ठेवा. दहा-बारा वाट्या मांडायचा मोह होतो, पण प्रत्येक वाटीपाशी माणूस थांबतो आणि विचार करतो. मी किसलेलं चीज, बारीक चिरलेला कोबी, कांदा-कोथिंबीर, दह्याचा सॉस आणि लिंबाच्या फोडी, एवढंच मांडते. चीज दीड किलो. किसण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, गोळा होत नाही. लेट्यूस नको. पावसाळ्यात पालेभाज्यांचा भरवसा नसतो आणि तो मिनिटांत मलूल पडतो. दोन मध्यम कोबी धुऊन, निथळून, केसासारखे बारीक चिरले तर तीन-चार तास कुरकुरीत राहतात. मेक्सिकोतल्या बाहा भागातल्या माशांच्या टॅकोत कोबीच घालतात. माशांचा विषय निघाला म्हणून सांगते, तळलेला मासा बुफेत ठेवू नका. वाफेने त्याचं आवरण ओलं होतं, आणि जुलैत आपल्याकडे मासेमारीही बंद असते.

सावर क्रीमच्या जागी चक्का वापरा. १ किलो चक्क्यात पाव लिटर गार दूध, मीठ, लिंबाचा रस आणि किंचित साखर घालून घोटा. तो निमुळत्या तोंडाच्या सॉसच्या बाटल्यांत भरा. चमच्याने घालायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात बाटलीने काम होतं आणि टेबलावर सांडतही नाही. लिंबं ३५ आणा. त्यातली २५ चार-चार फोडी करून टेबलावर, बाकीची स्वयंपाकाला.

अव्होकाडोचं तुम्ही खास विचारलंय. ५० जणांना वाटीभर ग्वाकामोले, म्हणजे कुस्करलेल्या अव्होकाडोची चटणी, ठेवायची म्हटलं तर ३ किलो फळ लागेल आणि पहिले पंधरा लोक ते संपवतील. हौस असेल तर १ किलो आणा आणि टॉर्टियाच्या माणसानेच प्रत्येक टॅकोवर लहान चमचाभर लावून द्यावं, सगळ्यांपर्यंत पोचतं. फळं चार दिवस आधी कडक घ्या आणि केळ्यांबरोबर कागदी पिशवीत ठेवा. पिकल्याची खूण म्हणजे देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबलं की दबतं. कुस्करल्यावर लिंबू घाला आणि प्लॅस्टिकची फिल्म थेट त्याच्या पृष्ठभागावर चिकटवून झाका. हवा लागली की ते काळं पडतं.

आता रांग. एक माणूस दोन टॅको भरायला साधारण मिनिटभर घेतो. टेबल भिंतीला लावलं आणि एकाच बाजूने रांग लागली तर शेवटच्या माणसाला पाऊण तासाने जेवण मिळतं. टेबल भिंतीपासून ओढून हॉलच्या मधे आणा आणि दोन्ही बाजूंनी सारखंच सामान मांडा. वेळ तिथेच निम्मा होतो. क्रम असा: ताट, टॉर्टिया, राजमा, पनीर, चीज, साल्सा, कोबी, सॉस, लिंबू आणि अगदी शेवटी टिश्यू. चीज गरम सारणावर लगेच पडलं की थोडं वितळतं आणि बाकीचं धरून ठेवतं, म्हणून ते साल्साच्या आधी. टिश्यू सुरुवातीला ठेवले तर लोक ते हातात धरून टॅको भरायला बघतात आणि एक हात अडकतो.

चिकनसाठी वेगळं छोटं टेबल करा, मोठ्या टेबलाला काटकोनात, तीन-चार पावलं दूर. तिथे त्याचा स्वतःचा टॉर्टियाचा डबा आणि चिकनसोबत फक्त कांदा-कोथिंबीर, साल्सा, लिंबू. मेक्सिकोच्या रस्त्यावर मांसाचा टॅको बहुतेक असाच मिळतो, वर चीज नाही की दही नाही. त्यामुळे सामान दुप्पट मांडावं लागत नाही आणि चिकनचा डाव पनीरमध्ये गेला का, ही शंका कुणाच्या मनात येत नाही. सोसायटीच्या कार्यक्रमात ही शंका आली की शाकाहारी लोक काही न बोलता बाजूला होतात, तुम्हाला कळतही नाही.

टॉर्टियाच्या टोकाला जाऊबाईंना उभं करा. प्रत्येकाच्या ताटात दोनच टॉर्टिया द्यायच्या आणि तोंडाने सांगायचं, "पुन्हा या, गरम देते." दोन-दोन करून घेतलं की रांग चालती राहते आणि वायाही जात नाही. त्यांच्यासमोर एक भरलेला टॅको ताटात ठेवा. गावाहून आलेल्या आजींना कितीही समजावलं तरी किती सारण, कुठे दुमडायचं, हे बघूनच कळतं. त्यांना उभं राहून भरायला लावू नका, तुमच्यापैकी कुणीतरी दोन टॅको भरून त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन द्या. सोबत २ किलो तांदळाचा टोमॅटो भात करा. टॅको न रुचणाऱ्यांना तो आणि राजमा, म्हणजे पोटभर जेवण.

सारणाला मोठे डाव ठेवू नका. सपाट भरला की ४५ ग्रॅम बसेल अशी लहान पळी घरच्या वजनकाट्यावर आधी तपासून घ्या. माणूस भांड्यात जे आहे त्याने एकदा वाढून घेतो, पळी लहान असली की प्रमाण आपोआप जमतं. चीजच्या वाट्याही लहान ठेवा आणि पुन्हा पुन्हा भरा.

मुलांची रांग मोठ्यांच्या आधी, पंधरा मिनिटं लवकर लावा. त्यांच्यासाठी एक युक्ती: मऊ टॉर्टियाला राजम्याचा पातळ थर लावून ती कडक शेलभोवती गुंडाळायची. शेल तुटला तरी आतलं बाहेर पडत नाही आणि कपडे वाचतात.

जैन कुटुंबांशी आत्ताच बोला. जुलैत चातुर्मास लागला असेल तर बरेच जण पालेभाज्या खात नाहीत, आणि कोथिंबीरही त्यात येते, म्हणून ती राजम्यात घालूच नका, वेगळी ठेवा. काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. जुलैत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तेव्हा त्यांचं ताट साडेसहाला तयार हवं. काटेकोर पाळणारे कडधान्यासोबत कच्चं दही खात नाहीत, त्यांच्या राजम्याच्या टॅकोवर चक्क्याचा सॉस चालणार नाही. हे आधी विचारलं तर लोकांना मनापासून बरं वाटतं. कॅलेंडरमध्ये एकादशी त्या दिवशी येते का, तेही बघून ठेवा.

हवामान आणि फ्रिज. अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम ते बर्नरवर वाफाळतं आणि गार ते बर्फाच्या परातीत. काउंटरवर दोन तास ही मर्यादा धरा, हॉल तापलेला असेल, ३२ अंशांच्या वर, तर एकच तास. शुक्रवारी शिजवलेला राजमा मोठ्या पातेल्यात तसाच ठेवू नका, मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. दोन-तीन परातींत पसरून पंख्याखाली गार करा आणि लहान डब्यांत फ्रिजला लावा. एका घराच्या फ्रिजमध्ये हे सगळं मावणार नाही, शेजारच्या काकूंना एक कप्पा रिकामा करायला आधीच सांगून ठेवा. शनिवारी गरम करताना नुसता कोमट नाही, उकळी फुटेपर्यंत.

कामाची वाटणी अशी करा. गुरुवारी रात्री राजमा भिजत. शुक्रवारी राजमा, भाजलेला साल्सा, चक्क्याचा सॉस, मिरचीचं वाटण, चिकन मुरवणं, चीज किसणं. शनिवारी दुपारी चिकन आणि भात, चारनंतर कोबी, जेवणाआधी तासाभरात कच्चा साल्सा आणि कांदा. कांदा सगळ्यात शेवटी चिरा, चिरून ठेवलेल्या कांद्याचा वास अख्ख्या हॉलमध्ये भरतो. साडेपाचला पोळीभाजी केंद्रातून टॉर्टिया, सहाला पनीरचा पहिला घाणा.

एक गोष्ट मात्र आजच खाली जाऊन बघा: हॉलमध्ये गॅस चालतो का आणि प्लग कोणते आहेत. बऱ्याच सोसायट्यांच्या हॉलमध्ये सिलिंडरला परवानगी नसते आणि लोक इंडक्शन आणतात. २००० वॉटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते. तिला मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो, एक्स्टेन्शनवर दोन शेगड्या लावल्या की ऐन जेवणात हॉलचे दिवे जातात. मोठा प्लग एकच असेल तर तो तव्याला द्या, चेफिंग डिशला जळणाच्या जेलचे डबे चालतात, पण उघडी ज्योत चालेल का हे सेक्रेटरींना विचारून घ्या. ज्योतही नको म्हणाले तर सारणं थोडी थोडी करून घरून गरमच आणत राहायची. आणि प्लग अजिबात नसेल तर टॉर्टिया घरीच भाजून दर दहा मिनिटांनी डबा खाली पाठवायला एक धावणारा भाचा-पुतण्या लागेल. तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे आणि जैन कुटुंबं नक्की किती, एवढं कळवा, त्याप्रमाणे तव्याची जागा आणि राजम्याचं प्रमाण पुन्हा मांडून देते.